निळ्या टोपीचा दिवा

मी केल्सोव्हिलच्या सॉफ्टबॉल मैदानावरचा, उजव्या खांबावरचा मोठा झोतदिवा बोलतोय. वर बघू नका, डोळे दिपतील. असे बाकावर टेका, माझ्याकडे पाठ करा नि ऐका. पाठ करून ऐकणाऱ्याचा मला राग येत नाही. माझ्या धंद्यात लोकांनी माझ्याकडे बघायला लागणं म्हणजे माझं काहीतरी चुकल्याची खूण.

हे शहाणपण माझ्या घरचं नाही. ते मला ऑर्विल मॅकटॅगर्टनं दिलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात डोळे मिटून आलो, नि उघडले ते गावाबाहेरच्या हमरस्त्यावर, ऑर्विलच्या जुन्या मोटारींच्या दुकानात. ऑर्विल सातवीपर्यंत शिकलेला, त्यातली दोन वर्षं एकाच वर्गात. पण माणूस असा की रस्ता विचारायला थांबलेल्याला कॉफी पाजायचा, आणि कॉफी संपेपर्यंत त्याला आपली गाडी जुनी झाल्याचं जाणवायला लागायचं.

बावीस वर्षं मी तिथं तळपलो. माणसं मोटार घ्यायला आली की आधी चाकाला लाथ मारतात. लाथ मारून त्यांना काय कळतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ऑर्विललाही कळलं नव्हतं, पण तो चाकांत हवा मात्र टम्म भरून ठेवायचा.

पहिल्याच आठवड्यात समोरच्या मोटेलची मालकीण रात्रीच्या झग्यावर कोट चढवून, सकाळी सातला दुकानात उभी राहिली.

"ऑर्विल, तुझ्या मोटारींवरचा उजेड माझ्या गिऱ्हाइकांच्या पांघरुणात शिरतो. रात्रभर सगळे जागे. काल एकानं उशी खिडकीला बांधली!"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, पडदे जाड लावा. ऑर्विलनं तिला कॉफी पाजली, मागच्या भंगारातून एका निळ्या स्टेशन वॅगनचं बॉनेट ओढून काढलं, पत्रा कापला, वाकवला, आणि माझ्या कपाळावर ठोकला. ती माझी टोपी. पुढं छज्ज्यासारखी आलेली, दोन्ही कडांना कानपट्ट्या. वर जाणारा, लांब जाणारा सगळा उजेड तिथंच अडला नि खाली मोटारींवर पडला.

"हे बघ गड्या," शिडीवरून उतरताना तो मला म्हणाला. दिव्याशी बोलणारा मी पाहिलेला तो पहिला माणूस. "उजेड मालावर पाडावा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत नाही. आणि शेजाऱ्याच्या तर अंगणातही नाही."

मोटेलवाली त्यानंतर ज्याची गाडी बंद पडेल त्याला रस्ता ओलांडून ऑर्विलकडे पाठवायला लागली. एका टोपीनं किती मोटारी विकल्या!

पुढं ऑर्विलचे गुडघे बोलायला लागले. त्यानं दुकान बंद केलं आणि आम्हा सहाही दिव्यांना गावच्या सॉफ्टबॉल मंडळाला देऊन टाकलं. आम्हाला न्यायला आला तो मंडळाचा चिटणीस, लाइल पेटिग्रू. धंद्यानं प्लंबर, खेळात पहिल्या बेसवरचा गडी. त्याच्या पोटाकडं बघितलं तर धावत असेल असं वाटायचं नाही. पण आवाज! तो आवाज नळातून सोडला असता तर तुंबलेलं गटार मोकळं झालं असतं.

ऑर्विल त्या आठवड्यात ऑपरेशनसाठी शहरात होता. तो असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

लाइलनं माझ्याकडे बघितलं आणि नाक मुरडलं. "हे काय कुंची घातलीय याला? अर्धा उजेड हीच खातेय की!" पान्यानं दोन बोल्ट फिरवले, आणि माझी टोपी खाली गवतात. त्या संध्याकाळी ती लाइलच्या अंगणात, त्याच्या बिस्किट नावाच्या कुत्र्याच्या खोपीवर छप्पर म्हणून बसली.

मी बोडका मैदानावर चढलो.

खरं सांगू? मला आवडलं. बावीस वर्षं मान खाली घालून पत्रे उजळलेले, आणि आता हे हिरवंगार मैदान! गिरणीतनं, शेतातनं, गॅरेजमधनं सहाला सुटलेली माणसं इथं यायची. पूर्वी ती सात-आठ षटकांवर... छे, हे सॉफ्टबॉल, इथं डाव मोजतात. तर दोन-तीन डाव होईपर्यंत अंधार पडायचा आणि सगळी भांडत घरी जायची. आता खेळ पुरा व्हायचा. माझ्या खालीच कर्णा बांधलेला. लाइल खेळत नसला की माइकवर असायचा, आणि धाव झाली की आपल्या पिकअप ट्रकचा काढून आणलेला भोंगा वाजवायचा.

मैदानाच्या डाव्या टोकाला तारेचं कुंपण, कुंपणाला लागून मेपल झाडांची रांग, आणि रांगेमागं हेंड्रिका व्हँडरमीर यांचं लांबलचक काचघर. गाव त्यांना हेनीबाई म्हणतं. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. उन्हाळ्यात टोमॅटोची रोपं, आणि हिवाळ्यासाठी पॉइनसेटिया. ख्रिसमसला चर्चच्या वेदीवर, पायऱ्यांवर, खिडक्यांत लालभडक पानांच्या ज्या कुंड्या मांडतात, त्या. गावच्या चर्चला एकशेवीस कुंड्या लागतात आणि त्या चाळीस वर्षं व्हँडरमीरांच्याच काचघरातून जातात. हेनीबाईंचं वर्ष त्या एकशेवीस कुंड्यांवर उभं.

जुलैमध्ये नगर कार्यालयाचा माणूस उजेड मोजायचं यंत्र घेऊन आला. कुंपणापाशी उभा राहिला. मेपल पानांनी गच्च भरलेले, यंत्राचा काटा हलेना. त्यानं कागदावर लिहिलं, शेजाऱ्यांना त्रास नाही. लाइलनं तो कागद काचेत घालून खेळाडूंच्या खोलीत लावला.

जुलैमध्ये मोजलं. केल्सोव्हिलच्या लोकांइतका आशावादी माणूस तुम्हाला सापडणार नाही. पान एकदा आलं म्हणजे ते कायमचं, अशी त्यांची दर उन्हाळ्यात समजूत होते.

एरवी खेळ सप्टेंबरच्या मध्यात संपायचा. पण त्या वर्षी दिवे होते. "दिवे आहेत तर खेळा!" लाइल कर्ण्यावरून ओरडला, आणि सामने ऑक्टोबर अखेरपर्यंत वाढवले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ह्युरॉन सरोवरावरून वारा आला नि एका रात्रीत मेपल नागडे झाले. दुसऱ्या संध्याकाळी मी पेटलो आणि थेट काचघरात शिरलो. आत रांगांनी हिरव्या कुंड्या. छान चकाकत होत्या. मला वाटलं, बघा, आपला उजेड किती लांब जातो.

हेनीबाई कुंपणाशी आल्या. उंच, वाळक्या, हातात कात्री. "लाइल! तो कोपऱ्यातला दिवा विझव. माझ्या झाडांना आता अंधार हवा."

"झाडांना अंधार?" लाइल माइक हातात घेऊनच बोलला, त्यामुळे सगळ्या मैदानानं ऐकलं. "बाई, झाडांना ऊन लागतं हे मी पहिलीत शिकलो!"

"मग दुसरीत जायचं होतंस," हेनीबाई म्हणाल्या. "आणि तो भोंगा बंद कर. धाव तुमची होते, नि कात्री माझ्या बोटात शिरते."

बाकांवर हशा पिकला. हेनीबाईंनी कार्यालयात अर्ज केला. कार्यालयानं जुलैचा कागद दाखवला. सामने चालू राहिले. भोंगाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस लाइल आपला पिकअप घेऊन चर्चच्या कुंड्या न्यायला आला. चर्चच्या कमिटीवर तोच. मैदानावर पातळ बर्फ, वारा पडलेला. अशा थंडीत पलीकडची कुजबुजही माझ्या खांबापर्यंत येते, त्यामुळे पुढचं मी शब्दन् शब्द ऐकलं.

काचघराचं दार उघडलं आणि लाइल उंबऱ्यातच थबकला.

"हे मधलं काय झालं?" तो म्हणाला. "इथं पाणी कमी पडलं का?"

"प्लंबरला सगळीकडे पाणीच दिसतं," हेनीबाई म्हणाल्या. "नीट बघ."

मीही बघितलं. दिवसाउजेडी, काचेतून. दोन्ही कडांना लाल झाडं, आणि मधून तिरपा, रुंद, हिरवागार पट्टा. जसा कोणी घरात रस्ता आखावा. पट्ट्याच्या मधोमध कुंड्यांचा एकच लाल ठिपका, आणि त्या ठिपक्यापुढं पाण्याची टाकी उभी.

"या झाडाला शरदातली रात्र लांब, सलग मिळावी लागते," हेनीबाई सांगत होत्या. आवाजात राग नव्हता, तो संपलेला होता. "मध्येच उजेड पडला की त्याला वाटतं अजून उन्हाळाच चाललाय. मग ते कशाला लाल होईल? टाकीच्या सावलीतली तेवढी लाल झाली."

लाइलनं बोट उचललं. हिरव्या पट्ट्यावरून ते दारापर्यंत आणलं, दारातून कुंपणावर, कुंपणावरून मैदानावर, नि शेवटी ते बोट माझ्यावर येऊन थांबलं.

बावीस वर्षं आणि एक उन्हाळा, इतका वेळ मी जळलो. पण आपण विझलेले असतानाही माणसाला खजील व्हायला होतं, हे मला त्या दुपारी कळलं. माणसाला म्हणालो का मी? असो. संगतीचा गुण.

"किती आहेत लाल?" लाइलनं विचारलं.

"सत्तर. चर्चला म्हणावं, उरलेल्या शहरातल्या मोठ्या दुकानातून आणा. आणि लाइल, पुढच्या वर्षी हेच झालं तर सगळ्याच तिथून आणा. मी काचा उतरवीन. आता या वयात मी झाडांना खोटं बोलून फसवू शकत नाही, नि तुम्हाला खरं सांगून पटवू शकत नाही."

लाइलनं सत्तर लाल कुंड्या भरल्या. मग उरलेल्या पन्नास हिरव्याही भरल्या. त्या ख्रिसमसला वेदीवर अर्धा हिवाळा नि अर्धा उन्हाळा होता म्हणे. पाद्रीबाबांनी विचारलं तर लाइल म्हणाला, "हिरव्या माझ्या आहेत. मी केल्यात."

जानेवारीत काठी टेकत ऑर्विल आला. लाइल मागून. दोघं माझ्याखाली बर्फात उभे.

"ऑर्विलकाका, मी काय म्हणतो, दिवाच काढून टाकू. पण मग डावा कोपरा आंधळा होतो. नि पाच दिव्यांवर सामना खेळायची परवानगी नाही. म्हणजे खेळच बंद."

ऑर्विलनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. "याची टोपी कुठाय?"

"कुठली टोपी?"

"निळी! बॉनेटची!"

लाइलचा चेहरा असा झाला की मला वाटलं, याचाच नळ फुटला. "ती... बिस्किटच्या घरावर आहे."

"अरे गाढवा," ऑर्विल प्रेमानं म्हणाला, "बावीस वर्षं समोर मोटेल होतं माझ्या. तुला काय वाटलं, ती बाई रोज मला पाव भाजून पाठवायची ते माझ्या रूपावर भाळून?"

त्याच शनिवारी छप्पर उतरलं. बिस्किट आठवडाभर लाइलशी बोलला नाही, नवं देवदारी छप्पर मिळालं तरी नाही. वसंतात टोपी माझ्या कपाळावर परत चढली. ऑर्विल खाली खुर्चीवर बसून हुकूम सोडत होता, लाइल शिडीवर, आणि काचघरात अंधार करून हेनीबाई स्वतः उभ्या. "अजून खाली! अजून! माझा हात दिसतोय मला... आता नाही दिसत. बस!"

हे झालं मोजणं. यंत्र नाही, कागद नाही. ज्याला त्रास होतो त्याला अंधारात उभं करून विचारायचं.

भोंगा पिकअपवर परत गेला. कर्णा खाली उतरवून बाकांकडे तोंड करून बसवला. रात्री आठनंतर ओरडायचं नाही असं ठरलं. धाव झाली की टोप्या काढून हलवायच्या. पहिल्या दिवशी लोकांना हसू आवरेना. आता परगावचे लोक ते बघायलाच येतात. दोनशे माणसं तोंड मिटून टोप्या हलवतायत, नि त्यातच लाइल, जांभळा पडलेला, ओरडणं गिळून गिळून.

एक अडचण उरली. टोपीमुळं डाव्या टोकाच्या वरचं आभाळ काळंठिक्कर. उंच मारलेला चेंडू तिथं शिरला की दिसेनासा व्हायचा. कोणी म्हणे झेल घेतला, कोणी म्हणे कुंपणापलीकडे गेला. तेव्हा लाइलनं स्वतः खडूनं फळ्यावर नियम लिहिला. डावीकडच्या अंधारात गेलेल्या चेंडूला दोन बेस. जास्त नाही, कमी नाही. एरवी कुंपणापार गेला की चारही बेस फिरून धाव, म्हणजे होमरन; इथं कुंपणापलीकडे पडला तरी दोनच. लोक त्याला 'हेनीचे दोन' म्हणायला लागले.

आता अंतिम सामन्याचं सांगतो. ऑक्टोबरात, आमच्याकडच्या थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या आदल्या शनिवारी, पोर्ट लॉरेलच्या कोळ्यांशी. केल्सोव्हिलनं तो चषक अकरा वर्षं पाहिला नव्हता. मेपल झडलेले. शेवटचा डाव, आमची एक धाव कमी, दोन गडी बाद, पहिल्या बेसवर आपला एक माणूस, आणि बॅट घेऊन आला लाइल पेटिग्रू.

टण्ण! ॲल्युमिनियमच्या बॅटचा असा आवाज मी दोन उन्हाळ्यांत ऐकला नव्हता. चेंडू माझ्या उजेडातून वर चढला, टोपीच्या कडेपाशी आला, आणि गेला अंधारात. सगळं मैदान श्वास धरून. मग दूरवर, अगदी नाजूक,

छन्न.

काच!

दोनशे टोप्या हातात तशाच. काच फुटली म्हणजे चेंडू कुंपणापार. म्हणजे होमरन, दोन धावा, चषक. पंचानं लाइलकडे बघितलं, नि हळूच दोन बोटं वर केली. दोन बेस, धाव नाही.

पोर्ट लॉरेलचा कप्तान भला माणूस. मैदानातून चालत आला. "सगळ्यांनी ऐकलं राव. काच काय उगाच फुटते? घे की होमरन."

लाइल दुसऱ्या बेसवर, कमरेवर हात ठेवून धापा टाकत. त्याच्या तोंडावर माझा सगळा उजेड होता, म्हणून मला नीट दिसलं. एक क्षण त्याला हवं होतं. फार हवं होतं.

"नाही," तो म्हणाला. "दिसलं नाही ते मोजायचं नाही. मीच लिहिलंय."

पुढचा गडी पहिल्याच चेंडूवर झेल देऊन बाद झाला. हरलो.

तेवढ्यात कुंपणाशी कंदील हलला. हेनीबाई. हातात चेंडू.

"हा कोणाचा?"

"माझा, बाई. उद्या सकाळी काच बसवून देतो."

"ते देशीलच. बेस किती मिळाले?"

"दोन."

"दोन? माझी काच फोडलीस आणि दोनच? चार मागायचे होतेस, मूर्खा! मी साक्ष दिली असती!"

मग मात्र आठ वाजून गेले होते तरी सगळं मैदान ओरडलं. पोर्ट लॉरेलवाले सुद्धा. हेनीबाईंनी कानांवर हात ठेवले, पण हसत होत्या.

त्या हिवाळ्यात चर्चला एकशेवीसच्या एकशेवीस लाल गेल्या. पट्टा नाही, ठिपका नाही. लोक सांगतात म्हणून मला ठाऊक. कारण माझं नशीबच असं: ज्या झाडावर माझा उजेड पडेल ते लाल होणार नाही, आणि जे लाल होतं ते टोपीपलीकडं. दिवसा बघावं, तर त्या नोव्हेंबरात हेनीबाईंनी थंडीसाठी काचघर आतून प्लॅस्टिकनं मढवलेलं.

पण डिसेंबरात एका दुपारी हेनीबाई कुंपणाचं दार उघडून बर्फातून चालत माझ्या खांबापाशी आल्या. हातात वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळलेली कुंडी. मागून लाइल.

"बाई, ही माझी ना? गाडीत ठेवतो. थंडीत मान टाकील."

"तुझीच आहे. पण एक मिनिट थांब." त्यांनी वर माझ्याकडे बघितलं, आणि कागद उलगडला.

मी मोटारींच्या पाठीमागचे लाल दिवे पाहिलेत, तिकीट लावलेली लाल बॉनेटं पाहिलीत, आरडाओरडा करणाऱ्यांचे लाल गळे पाहिलेत. पण तसा लाल मी पाहिला नव्हता. मधोमध, पानांच्या बेचक्यात, तो चेंडू ठेवलेला.

"दिव्याला काय दाखवता, बाई?" लाइल म्हणाला.

"त्यानं न पाहून केलंय," हेनीबाई म्हणाल्या, आणि कागद पुन्हा मिटला.

त्याला आता चार वर्षं झाली. माझ्या पोटातली नळी थकलीय. पेटायला पूर्वी पाच मिनिटं लागायची, आता दहा लागतात, आणि पेटतो तोही जरा गुलाबी. येत्या वसंतात नवे, लहान, थंड उजेडाचे दिवे येणार आहेत. ऑर्विलच्या मागच्या खोलीत माझी जागा तयार आहे. तो म्हणतो, दोघं मिळून गुडघे शेकू.

जातो त्याचं वाईट नाही. एकच विनंती. नवे दिवे चढवाल तेव्हा त्यांच्या खोक्यावर लिहिलेलं वाचून शिडी उतरू नका. जुलैमध्ये मोजू नका. पानं झडू द्या, हेनीबाईंना अंधारात उभं करा, आणि विचारा, हात दिसतोय का.

आणि माझी टोपी इथंच ठेवा. नव्याला जरा सैल होईल, पण बसेल. नाहीच बसली तर बिस्किटला द्या. त्याच्या मनात ती अजून आहे.